नग चाळीस, रिकामे

चलनावर तसंच लिहायची रीत होती:
ड्रम लोखंडी, दोनशे लिटर, नग चाळीस, रिकामे.
अक्षर माझं. वळणदार.
शाळेत त्याला बक्षीस मिळालेलं,
झाकणाचा स्टीलचा डबा.

मंडाळ्यात, खाडीच्या अंगाला, छेडाशेठचं गोडाऊन,
पत्र्याचं, एका कुशीवर कललेलं.
ड्रम यायचे तुर्भ्याहून, तळोज्याहून,
कुणाच्या पोटात रंग होता, कुणाच्या थिनर,
कुणाचं लेबल वाटेतच खरवडलेलं,
आणि मी टेबलाशी बसून
सगळ्यांना एकाच शब्दात बसवायची.

कटर भानुदास खरात चालवायचा.
ड्रमला आधी टिचकी मारायचा, कलिंगडाला मारतात तशी,
मग बुचाशी नाक नेऊन म्हणायचा,
"बाई, हा अजून बोलतोय."
आम्ही हसायचो.
शेठ म्हणायचा, रात्रभर पालथा होता,
आत थेंब दाखव नि शंभर रुपये घेऊन जा.

थेंब नव्हताच.
भरलेला ड्रम निमूट असतो, हे मला फार उशिरा कळलं.
ओतून झाल्यावर जे उरतं ते दिसत नाही.
हवेपेक्षा जड. तळाशी बसून राहतं,
नोटीस मिळालेल्या भाडेकरूसारखं,
कुणीतरी ज्योत घेऊन येईपर्यंत.

मंगळवार. सव्वाअकरा.
एकोणिसावा ड्रम लिहीत होते.
आवाज आठवत नाही,
टेबलावरचा चहा उभाच्या उभा वर गेलेला आठवतो.
झाकण छपरातून गेलं
ते तिसऱ्या गल्लीत सापडलं,
कुणा बाईनं वाळत घातलेल्या पापडांवर.
भानुदासबद्दल मी इथे लिहिणार नाही.
त्याची बायको हल्ली वाचायला शिकते आहे.

फौजदारानं वही उघडली,
ओळीवर बोट ठेवून वाचलं: रिकामे.
"अक्षर कुणाचं?"
माझं, म्हटलं.
"छान आहे," म्हणाला, अगदी सहज,
आणि वही जप्त केली.

आता दुसरं यार्ड, दुसरा शेठ, तीच खाडी.
कटरवर इस्रार, एकोणीस वर्षांचा,
हात स्थिर, बाकी सगळी घाई.
त्याला रोज तेच सांगते, रोज तो मान डोलावतो:
दोन्ही बुचं काढ.
सोड्याच्या गरम पाण्यानं धू. परत धू.
नाकावर जाऊ नकोस, नाक फितूर होतं.
मग उभा करून पाणी भर,
कापायच्या रेषेखाली चार बोटं राहतील इतकं,
आणि मग पेटव.

"बाई, दोनशे लिटर?
आमच्या गल्लीत एवढ्यात चार घरं भागतात."
खरं आहे ते. इथे लोक पिंपाला कुलूप लावतात,
टँकरवाला आधी नोटा मोजतो, मग नळी सोडतो.
मला उत्तर सुचत नाही.
भर, एवढंच म्हणते.

पाण्याचा खर्च मीच लिहिते, वेगळ्या रकान्यात.
महिन्याच्या शेवटी शेठ आठ्या घालून विचारतो,
आपण लोखंड विकतो की पाणी?
मी मान वर करत नाही.
बाहेर इस्रार भरल्या ड्रमला टिचकी मारतो,
थप्प. बोदा, जड, बिनबोलका आवाज.
मग मी टोपण काढते:
ड्रम लोखंडी, नग एक,
धुतला दोनदा, भरला, कापला.
तो जुना शब्द वहीत येऊ देत नाही.

रात्री मुलगी विचारते,
आई, तो डबा रिकामा आहे ना, रंगखडू ठेवू?
मी झाकण काढते,
आत बघते, काही दिसत नाही.
तरी वास घेते.
"आधी धुऊन आण," म्हणते.